दाढीचा ब्रश : स्वस्त कोणता, टिकाऊ कोणता?

दुकानाच्या काचेआड दाढीचे दोन ब्रश शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या चौपट असते. दोघांनाही मूठ आहे आणि दोघांनाही केसांचा झुबका आहे. मग जादा पैसे कशाचे, असे विचारले तर दुकानदार सांगतो, "हा माल भारी आहे." भारी म्हणजे नेमके काय, हे मात्र तो सांगत नाही. बहुधा त्यालाही ते ठाऊक नसते.

दाढीचा ब्रश ही अगदी साधी वस्तू. तुमच्यापैकी काहींना तो अजून लागत नसेल आणि मुलींना तर लागणारच नाही. पण घरात वडिलांचा, काकांचा किंवा आजोबांचा ब्रश असण्याचा संभव आहे. या साध्या वस्तूत स्थितिस्थापकता, पृष्ठताण, केशाकर्षण आणि बाष्पीभवन असे पाठ्यपुस्तकातील चार विषय एकत्र आले आहेत. ते समजले तर "भारी" या शब्दावर विसंबून राहण्याचे कारण उरत नाही. कोणता ब्रश किती टिकेल आणि तो खरोखर स्वस्त पडेल की महाग, याचा अंदाज आपला आपल्याला करता येतो.

ब्रश करतो तरी काय?

दाढीचा केस कोरडा असताना कापायला कठीण असतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. केराटिनच्या लांब साखळ्या एकमेकींना अनेक ठिकाणी हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. केसात पाणी शिरले की पाण्याचे रेणू या साखळ्यांमध्ये घुसतात, त्यांतले बरेच बंध सैल होतात आणि केस मऊ पडतो. पूर्ण भिजलेला केस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी सामावून घेतो. त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच वाढते. असा केस कापायला पात्याला बराच कमी जोर लागतो.

पाणी शिरायला दोन-तीन मिनिटे वेळ हवा, आणि पाणी तर गालावरून लगेच ओघळून जाते. इथे फेस कामी येतो. फेस म्हणजे साबणाच्या पातळ पापुद्र्यांत कोंडलेली हवा. त्यातले बुडबुडे जितके बारीक, तितके पाणी त्यांच्यामधून सावकाश निथळते. ब्रशाची हजारो टोके साबणाच्या पाण्यात हवा मिसळतात, मोठे बुडबुडे फोडून लहान करतात आणि दाट फेस तयार होतो. शिवाय केसांवरचे तेलकट आवरण साबणाने निघून जाते, त्यामुळे पाणी आत जाण्याची वाट मोकळी होते. म्हणजे ब्रशाला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत : स्वतःमध्ये पुरेसे पाणी धरून ठेवणे, आणि गालाला न टोचता साबण घोटणे.

जाडी दुप्पट, ताठपणा सोळा पट

ब्रशातला प्रत्येक केस ही एका टोकाला घट्ट रोवलेली बारीकशी काठी आहे. अशा काठीचे मोकळे टोक ठराविक अंतर वाकवायला किती बल लागेल, याचा नियम पदार्थविज्ञानात सिद्ध झालेला आहे. हे बल पदार्थाच्या यंग गुणांकाच्या प्रमाणात असते, काठीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते.

या नियमातला चौथा घात लक्षात ठेवा. ०.१ मिलिमीटर जाडीच्या केसाऐवजी त्याच पदार्थाचा ०.२ मिलिमीटर जाडीचा केस घेतला तर जाडी फक्त दुप्पट होते, पण ताठपणा दोनाच्या चौथ्या घाताइतका, म्हणजे १६ पट होतो. डोळ्यांना हा फरक जेमतेम जाणवतो, गालाला मात्र तो चांगलाच कळतो. लांबीचा परिणाम उलट दिशेने होतो. मुठीबाहेर ५ सेंटिमीटर केस असलेला ब्रश आणि ६ सेंटिमीटर केस असलेला ब्रश घेतला, तर दुसऱ्यातला प्रत्येक केस सुमारे १.७ पट लवचीक असतो.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट कळते. जुना ब्रश फिसकारला म्हणून काहीजण कात्रीने त्याची टोके छाटतात. त्याने केस आखूड होतात, म्हणजे अधिक ताठ होतात. नैसर्गिक केसाचे टोक मुळापेक्षा बारीक असते. कापल्यावर तिथे बोथट खुंट उरतो. असा ब्रश टोचू लागतो. ब्रशाची टोके कधीही कापू नयेत.

केस कोणाचे?

बाजारात चार प्रकारचे ब्रश दिसतात. पहिला डुकराच्या राठ केसांचा. हे केस माणसाच्या डोक्यावरच्या केसांपेक्षा दोन-तीन पट जाड असतात आणि त्यांची टोके फाटून त्यांना बारीक फाटे फुटतात. भारतात या केसांच्या व्यापारासाठी कानपूरचे नाव जुने आहे. दुसरा घोड्याच्या आयाळीच्या किंवा शेपटीच्या केसांचा. तिसरा बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा. हा सर्वांत महाग असतो आणि त्याचे केस मुख्यतः चीनमधून येतात. बॅजरचा केस मधे जाड आणि टोकाशी अगदी बारीक असतो, म्हणून तो कण्याशी ताठ आणि गालाशी मऊ असा लागतो. चौथा प्रकार कृत्रिम धाग्यांचा.

केराटिन भिजले की मऊ होते, हे आपण पाहिले. हा नियम दाढीच्या केसांना लागू आहे तसाच ब्रशाच्या केसांनाही लागू आहे. भिजलेल्या केसाचा यंग गुणांक कोरड्याच्या निम्म्याहूनही कमी होतो. म्हणूनच डुकराच्या केसांचा ब्रश कोरडा असताना काट्यासारखा लागतो आणि दोन-तीन मिनिटे पाण्यात ठेवला की वापरण्याजोगा होतो. दुकानात कोरडा ब्रश गालाला लावून "हा टोचतो" असे ठरवणे योग्य नव्हे.

कृत्रिम धाग्यांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३५ साली नायलॉन तयार केले. १९३८ साली त्याचे धागे लावलेले दात घासण्याचे ब्रश बाजारात आले. पुढे दाढीच्या ब्रशातही नायलॉन आले, पण त्याचे नाव काही चांगले झाले नाही. जाड धाग्याचा ब्रश ताठ असतो, आणि नायलॉन पाणी फार कमी शोषून घेत असल्याने तो भिजवूनही केसाइतका मऊ पडत नाही. आता चांगल्या कृत्रिम ब्रशांत पीबीटी या पॉलिएस्टर जातीच्या बहुवारिकाचे अतिशय बारीक, टोकाशी निमुळते केलेले धागे वापरतात. हा पदार्थ एक टक्क्याहूनही कमी पाणी शोषतो. तो भिजून मऊ होत नाही. मुळातच बारीक केल्यामुळे तो मऊ असतो. इथे चौथ्या घाताचा नियम ब्रश बनवणाऱ्यांच्या कामी आला आहे. म्हणून "कृत्रिम म्हणजे वाईट" हा जुना समज आता धरून चालत नाही. धागा जाड आहे की बारीक, हे पाहिले पाहिजे.

एक भयंकर धडा

ब्रशाच्या केसांची निवड ही केवळ पैशांची किंवा सुखाची बाब नसते, हे इतिहासात एकदा फार कठोरपणे दिसून आले. पहिल्या महायुद्धापूर्वी बॅजरचे केस रशियातून जर्मनीमार्गे इतर देशांना जात. जर्मनीत ते स्वच्छ व निर्जंतुक केले जात. १९१४ साली युद्ध पेटले आणि हा मार्ग बंद झाला. त्याच वेळी सैन्याकडून ब्रशांची मागणी वाढली, कारण विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसण्यासाठी दाढी गुळगुळीत असणे जरूर होते. मग आशियातून आलेले घोड्याचे केस बॅजरच्या केसांसारखे दिसतील असे रंगवून त्यांचे ब्रश करण्यात आले. यातले बरेच केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते.

जनावरांना होणारा काळपुळी हा रोग ज्या जिवाणूमुळे होतो, त्याचे बीजाणू कोरड्या केसांवर वर्षानुवर्षे जिवंत राहतात. दाढी करताना कातडीवर बारीक जखमा होतात आणि त्यांतून बीजाणूंना शरीरात शिरायला वाट मिळते. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत सैनिकांना व नागरिकांना नव्या ब्रशांमुळे काळपुळी झाली आणि त्यांतले काही दगावले. इंग्लंडने १९१९ साली काळपुळीला आळा घालणारा कायदा केला आणि १९२० साली जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. पुढे केसांच्या निर्जंतुकीकरणाचे नियम कडक झाले आणि हे संकट ओसरले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, कोणत्या काळचा आणि कुठला हे माहीत नसलेला जुनापुराणा ब्रश स्वस्त मिळतो म्हणून वापरू नये. दुसरी, ब्रश ज्याचा त्याने वापरावा. तोच ब्रश अनेकांच्या गालांवरून फिरला तर कातडीचे इतर संसर्गही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

झुबक्यात केस किती?

आता टिकाऊपणाकडे वळू. ब्रशाचे केस गळतात, ही सर्वांत मोठी तक्रार. पण किती केस गळले म्हणजे काळजी करावी? त्यासाठी मुळात किती केस आहेत याचा अंदाज हवा.

झुबक्याचा मुळाशी व्यास २२ मिलिमीटर आहे असे समजा. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस मिलिमीटर होते. यातली निम्मी जागा केसांनी व्यापली आहे असे धरू, म्हणजे १९० चौरस मिलिमीटर. केस ०.२ मिलिमीटर जाड असेल तर एका केसाचा छेद ०.०३१४ चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर सुमारे ६,००० केस येतात. धागा ०.१ मिलिमीटरचा असेल तर तेवढ्याच जागेत २४,००० मावतात.

नव्या ब्रशाचे पहिल्या आठवड्यात पाच-पंचवीस केस गळाले, तर ते भरताना सुटे राहिलेले केस होत. ६,००० मध्ये २५ म्हणजे अर्धा टक्काही नव्हे. पण चार-सहा महिन्यांनंतरही रोज तीन केस जात असतील तर वर्षाला सुमारे १,१०० केस गेले, म्हणजे झुबक्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. असा ब्रश फार दिवसांचा सोबती नव्हे.

ब्रश मरतो तो मुळाशी

केस गळणे आणि केस तुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. साबणात सापडलेला केस सरळ करून मोजपट्टीवर ठेवा. मुठीबाहेर दिसणाऱ्या केसांपेक्षा तो लांब असेल, तर तो गोंदातून सबंध निसटून आला आहे. तितकाच किंवा त्याहून आखूड असेल, तर तो मुळाशी किंवा मधेच तुटला आहे.

पहिला दोष मुख्यतः गोंदाचा. केसांचा झुबका मुठीच्या खळग्यात बसवून घट्ट होणाऱ्या गोंदाने पक्का करतात. आजकाल यासाठी बहुधा इपॉक्सी जातीचा गोंद असतो. तो पुरेसा आत मुरला नसेल तर मधले केस त्याच्या पकडीत येत नाहीत. पण चांगला गोंदही आपण बिघडवू शकतो. नेहमीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा ताठपणा सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे कमी होऊ लागतो. उकळत्या पाण्यात ब्रश बुडवून "जंतू मारण्याचा" उद्योग केला, की गोंदाची पकड सैल पडते आणि केसांचे केराटिनही खराब होते. हाताला सहज सोसेल एवढेच कोमट पाणी ब्रशाला पुरे.

दुसरा दोष मुख्यतः वापरणाऱ्याचा. केस वाकला की त्याच्या बाहेरच्या बाजूला ताण पडतो. हा ताण किती, हे काढणे सोपे आहे : केसाच्या त्रिज्येला वळणाच्या त्रिज्येने भागायचे. ०.२ मिलिमीटर जाडीचा केस ५ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकला, तर ०.१ भागिले ५, म्हणजे २ टक्के ताण पडतो. केराटिन साधारण २ टक्क्यांपर्यंतच हूकच्या नियमाप्रमाणे वागते. ब्रश गालावर दाबून, त्याचे केस मुळापासून दुमडून घासला, तर वळणाची त्रिज्या २ मिलिमीटर होते आणि ताण ५ टक्क्यांवर जातो. तार पुन्हा पुन्हा एकाच जागी वाकवली की तुटते, तसेच रोज असे झाले तर केस मुळाशी तुटतात आणि झुबक्याच्या मध्यावर खड्डा पडतो. वापरताना केसांचा वरचा अर्धा भाग वाकला पाहिजे, मूळ नव्हे. बारीक धाग्याचा फायदा इथेही दिसतो. जाडी निम्मी असली तर त्याच वळणात ताणही निम्माच पडतो.

पाणी खाली का गळत नाही?

ब्रश उलटा टांगावा की उभा ठेवावा, याबद्दल घरोघरी वाद असतो. टांगणारे म्हणतात, पाणी निथळून जाते आणि मुळाशी साठत नाही. पाहूया.

इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी साबणाच्या बुडबुड्यांवर मुलांसाठी दिलेली व्याख्याने १८९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतला एक आरंभीचा प्रयोग रंगाच्या ब्रशाचा आहे. कोरड्या ब्रशाचे केस पसरलेले असतात. तो भिजवून बाहेर काढला की केस एकमेकांना चिकटून टोक होते. यावर आपण म्हणतो, केस ओले झाले म्हणून चिकटले. पण तोच ब्रश पाण्याच्या आत धरला तर केस पुन्हा पसरलेले दिसतात, आणि तेव्हा तर ते पूर्ण ओले असतात! म्हणजे केस ओले असणे हे चिकटण्याचे कारण नव्हे. पाण्याचा हवेला लागून असलेला पृष्ठभाग आकुंचन पावू पाहतो, आणि तो केसांना एकत्र ओढतो.

हाच पृष्ठताण केसांमधल्या फटींत पाणी धरून ठेवतो. फट ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीसारखी आहे असे समजा. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला ०.०७२ न्यूटन. केशाकर्षणाच्या सूत्रात या संख्या घातल्या तर अशी नळी सुमारे १४.७ सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ धरून ठेवू शकते, असे उत्तर येते. ब्रशाचा झुबका तर पाच-सहा सेंटिमीटरच उंच! याचा अर्थ असा की बारीक फटींतले पाणी उभ्या ब्रशातून गळत नाही आणि टांगलेल्या ब्रशातूनही गळत नाही. टांगून जाते ते टोकाशी जमलेले जादा पाणी. बाकीचे पाणी वाफ होऊनच जायला हवे.

मग करायचे काय? ब्रश झटकायचा. हात अर्ध्या मीटर त्रिज्येच्या कमानीत सेकंदाला ७ मीटर गतीने फिरवला, तर त्वरण सुमारे ९८ मीटर प्रति सेकंद वर्ग होते, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या दहा पट. मग धरून ठेवता येणाऱ्या स्तंभाची उंचीही दहापट घटते आणि १४.७ ऐवजी सुमारे दीड सेंटिमीटर उरते. जे काम टांगून रात्रभर होत नाही ते तीन-चार झटक्यांत होते. त्यानंतर टॉवेलावर हलकेच टिपून ब्रश वाहत्या हवेत ठेवावा. उभा की आडवा, हा प्रश्न दुय्यम आहे. ओला ब्रश डबीत किंवा बंद न्हाणीघरात कोंडणे, हे त्याचे आयुष्य कमी करण्याचे हमखास साधन होय. तिथली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, मग बाष्पीभवन होणार कसे? कोकणातल्या पावसाळ्यात हीच अडचण खोलीतही येते. अशा दिवसांत दोन साधे ब्रश आलटून पालटून वापरावेत किंवा कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्यावा. १० ग्रॅम केस आपल्या अंतरंगात ३ ग्रॅमपर्यंत पाणी शोषून ठेवतात, तर १० ग्रॅम पीबीटी धागे ०.१ ग्रॅमहूनही कमी. म्हणून कृत्रिम ब्रश लवकर वाळतो.

साबणाचा साका

आपल्याकडे पुष्कळ गावांत विहिरीचे किंवा विंधणविहिरीचे पाणी दुष्फेन असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. तो केसांच्या मुळाशी साचतो. तिथे केस जखडले जातात, त्यामुळे ते नेमके त्याच रेषेवर वाकून तुटतात. शिवाय साका ओल धरून ठेवतो आणि त्यात बुरशी वाढते. यावर उपाय स्वस्त आहे. वाटीभर कोमट पाण्यात दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून महिन्यातून एकदा त्यात ब्रश पाच-दहा मिनिटे हलवावा, मग साध्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळावा. आम्लामुळे साका फुटतो आणि धुऊन जातो.

दुकानात काय पाहाल?

केसांची मुळे बोटांनी विलग करून आत पाहा. मधला भाग भरगच्च आहे, की कडेला केस आणि मधे पोकळ? झुबका चिमटीत धरून हलकेच ओढा. दोन-चार केस येतील, दहा-वीस आले तर ब्रश परत ठेवा. झुबका तळहातावर दाबून सोडा. तो लगेच मूळ आकारात आला पाहिजे. भिंगातून टोके पाहा. निमुळती किंवा फाटे फुटलेली टोके चांगली, सरळ कापलेली टोके टोचणारी. मुठीच्या जडपणाला भुलू नका, वजनाचा आणि केसांच्या गुणाचा संबंध नाही. लाकडी मूठ असेल तर तिच्यावरचा लेप अखंड हवा, नाहीतर लाकूड भिजून फुगते, वाळून आकसते आणि शेवटी तडकते. साध्या, एकसंध प्लॅस्टिकची मूठ या बाबतीत बिनघोर असते.

केस खरे की कृत्रिम, याबद्दल शंका असेल तर गळालेला एक केस चिमट्यात धरून शिक्षकांच्या देखरेखीखाली ज्योतीत धरा. केराटिनला जळक्या केसांचा ओळखीचा वास येतो आणि मागे ठिसूळ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

किमतीचा खरा हिशेब

स्वस्त म्हणजे कमी किमतीचा, असे आपण समजतो. खरा हिशेब दर दाढीमागे किती पैसे पडले याचा करावा. खालील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुम्ही आपल्या गावच्या किमती घाला.

पहिला ब्रश ९० रुपयांचा, रोजच्या वापरात एक वर्ष टिकला : दर दाढीस सुमारे २५ पैसे.
दुसरा ३०० रुपयांचा, पाच वर्षे टिकला : सुमारे १६ पैसे.
तिसरा १,५०० रुपयांचा, दहा वर्षे टिकला : सुमारे ४१ पैसे.

इथवर पाहिले तर मधला ब्रश सर्वांत स्वस्त ठरतो. पण आणखी एक ओळ लिहा : पहिलाच ९० रुपयांचा ब्रश नीट झटकून, वाळवून, साका काढून दोन वर्षे टिकवला, तर दर दाढीस सुमारे १२ पैसे पडतात. हा आकडा सर्वांत लहान आहे. म्हणजे निगा राखण्याची किंमत दुकानात मोजावी लागत नाही, पण हिशेबात ती ठळकपणे दिसते. उलट, महागडा ब्रश ओलाच डबीत कोंडला तर त्याची किंमत त्याला वाचवू शकत नाही.

करून पाहा

एक : घरातला ब्रश पूर्ण वाळल्यावर शाळेच्या तराजूवर तोला. मग भिजवून, तीन वेळा झटकून पुन्हा तोला, आणि दर तासाला वजनाची नोंद करा. काळ आडव्या अक्षावर आणि वजन उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. एक दिवस ब्रश टांगून, एक दिवस उभा ठेवून आणि एक दिवस डबीत ठेवून आलेखांची तुलना करा. टांगण्याचा वाद घरी याच आलेखाने मिटवा.

दोन : डुकराचा एक केस टेबलाच्या कडेला चिकटवा, ३ सेंटिमीटर भाग बाहेर राहू द्या. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा तोला, आणि त्यावरून १० मिलिग्रॅम वजनाला किती क्षेत्रफळ लागेल ते काढून तेवढा तुकडा कापा. तो घडी करून केसाच्या टोकाला अडकवा आणि टोक किती खाली आले ते मोजा. ०.२ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या केसाला हे अंतर तीन मिलिमीटरच्या आसपास यावे. मग केस पाच मिनिटे भिजवून, वरचे पाणी टीपकागदाने टिपून, लगेच पुन्हा मोजा. वाक दुपटीहून अधिक झाला तर पाण्याने केराटिनचा यंग गुणांक निम्म्याहून कमी केला, हे तुम्ही स्वतः सिद्ध केले!

तीन : स्क्रू गेजने वेगवेगळ्या ब्रशांच्या केसांची जाडी मोजा. एकच केस मोजून थांबू नका, दहा केस मोजून सरासरी घ्या. मग चौथ्या घाताच्या नियमाने कोणता ब्रश किती पट ताठ असावा याचे भाकीत करा आणि तो हातावर फिरवून पडताळा.

हीच रीत रंगाच्या कुंचल्याला, दात घासण्याच्या ब्रशाला आणि घरातल्या केरसुणीलाही लावता येते. तंतू किती जाड, किती लांब, मुळाशी कसा धरलेला आणि किती लवकर वाळणारा, एवढे चार प्रश्न विचारायचे. त्यांची उत्तरे मोजपट्टी, भिंग आणि तराजू देतात. यापुढे कोणी एखादी वस्तू "भारी" म्हणून पुढे केली, तर तिला हे चार प्रश्न विचारून पाहा.